तिरक्या हद्दीला काटकोनात रेषा: ऑटोकॅड ९० दाखवतंय पण साईटवर कर्ण जुळत नाहीत

ओळंबा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल डिप्लोमावाला, एका छोट्या कन्सल्टंटकडे दीड वर्षापासून ऑटोकॅडवर (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) ड्राफ्टिंग करतोय. आज साईटवर जे झालं ते सांगतो आणि मग प्रश्न विचारतो.

प्लॉट चौकोनी नाहीये, रस्त्याकडची हद्द साधारण ७ अंश तिरकी आहे. मालकांना घर त्या हद्दीला समांतर पाहिजे. म्हणून मी हद्द ऑफसेट करून (म्हणजे तिला समांतर रेषा काढून) सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि घर यांच्यातली मोकळी जागा, सोडलं, त्याच्यावर १२ मीटरची बाजू घेतली, मग मागे ९ मीटरवर परत ऑफसेट, आणि दोन्ही रेषांना जोडणारी आडवी बाजू काढली. एफ ८ दाबून (ऑर्थो, म्हणजे फक्त आडव्या-उभ्या रेषा) काढायला गेलो तर रेषा स्क्रीनला सरळ जाते, हद्दीला काटकोनात नाही, म्हणून ऑर्थो बंद करून स्नॅपने (कर्सर रेषेवरच्या नेमक्या बिंदूला चिकटवायची सोय) पकडली. तीच बाजू कॉपी करून दुसऱ्या टोकाला लावली. अँग्युलर डायमेन्शन टाकलं, ९० आलं. बाजू ९.०००, १२.०००, सगळं बरोबर.

आज टोटल स्टेशनवाल्याने (कोन आणि अंतर मोजायचं सर्व्हेचं यंत्र) माझ्या ड्रॉइंगमधले चार कोपऱ्यांचे कोऑर्डिनेट घेऊन खुंट्या मारल्या आणि मिस्त्रींनी सवयीप्रमाणे दोन्ही कर्ण टेपने मोजले. एक १५.०१६ आणि दुसरा १४.९८४. ३२ मिलीमीटरचा फरक. मिस्त्री म्हणाले साहेब हे गुण्यात (काटकोनात) नाही, मी फक्की (आखणीची पांढरी पूड) टाकत नाही. टोटल स्टेशनवाल्याने खुंट्या परत तपासल्या, त्याचं बरोबर होतं. म्हणजे चूक माझ्या ड्रॉइंगमधे आहे पण ड्रॉइंग ९० दाखवतंय, हे कसं? आणि तिरक्या रेषेला खात्रीने काटकोन काढायची नेमकी पद्धत कोणती?

गुण्या | सोमवार, रात्री १०:५५

आधी त्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांग. कर्ण मोजल्याशिवाय फक्की न टाकणारा माणूस आता कमी मिळतो.

आता एक काम कर. यू एन टाइप करून एंटर मार, युनिट्सची विंडो उघडेल, त्यात अँगलचं प्रिसिजन बहुतेक शून्यावर असेल, म्हणजे पूर्ण अंशच दाखवणार. ते चार दशांशावर ने. तुझ्या डायमेन्शन स्टाइलमधे पण अँग्युलर प्रिसिजन वेगळं असतं, ते पण वाढव. मग परत कोन बघ आणि इथे लिही. माझा अंदाज ८९.८७ च्या आसपास.

ओळंबा | सोमवार, रात्री ११:१०

सर, ८९.८७०१ आलं. तुम्ही फाइल न बघता कसं सांगितलं?

गुण्या | मंगळवार, सकाळी ७:३०

तुझ्या कर्णांवरून. ९ आणि १२ चा काटकोन असेल तर कर्ण बरोब्बर १५ येतो, ३-४-५ ची तिप्पट. तुझा एक कर्ण १६ मिमी जास्त, दुसरा १६ मिमी कमी, म्हणजे आयत कलून समांतरभुज झालाय. उलटं गणित केलं की मागची रेषा सुमारे २० मिमी सरकलेली निघते. ९ मीटरला २० मिमी म्हणजे ०.१३ अंश. आणि मजा बघ, एवढा कलूनही त्या बाजूची लांबी ९.००००२ भरते, म्हणून तुला लांबीत काहीच दिसलं नाही. काटकोनाची चूक लांबीत लपते आणि कर्णात उघडी पडते, म्हणून जुनी माणसं कर्ण मोजतात.

आता हे झालं कसं. तुझ्या रनिंग स्नॅपमधे (कायम चालू ठेवलेले स्नॅप) निअरेस्ट, म्हणजे रेषेवरचा कर्सरजवळचा कुठलाही बिंदू पकडणारा, चालू असणार. ड्रॉइंग लांबून बघत असशील, झूम आउट, तिथे २० मिमी म्हणजे स्क्रीनवर एखादा ठिपका. कर्सर रेषेवर नेला की लंबाचा बिंदू आणि निअरेस्टचा बिंदू दोन्ही चौकटीत येतात आणि निअरेस्ट हा नेहमीच कर्सरच्या सगळ्यात जवळ असतो, तो पुढे येतो. खुणेकडे लक्ष दे: पर्पेंडिक्युलरची खूण छोट्या काटकोनासारखी, निअरेस्टची खूण डमरूसारखी. तू डमरूवर क्लिक केलंयस.

म्हणून माझा नियम, निअरेस्ट रनिंगमधे कधीच ठेवायचा नाही. लागेल तेव्हा एकदाच टाइप करायचा. आणि लंब टाकताना पण रनिंगवर विसंबायचं नाही. एल एंटर (लाइन कमांड), पहिला बिंदू पकड, मग दुसरा बिंदू मागतो तेव्हा पी ई आर टाइप करून एंटर, आता फक्त लंबच पकडणार, बाकी सगळे स्नॅप त्या एका क्लिकपुरते बाजूला. टायपिंग नको असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक, यादीतून पर्पेंडिक्युलर. रेषा तिथपर्यंत पोचत नसली तरी चालतं, वाढवली असती तर जिथे लंब पडला असता तिथे तो पकडतो.

मोकळी_जागा | मंगळवार, सकाळी ९:०५

गुण्या सरांनी सांगितलेलं अगदी बरोबर पण ओळंबा, तुझ्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत आणि तेच वेगळे केले की हा विषय कायमचा सुटतो. शाळेच्या भूमितीत आठव, रेषेबाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब टाकणे ही एक रचना होती आणि रेषेवरच्याच बिंदूतून लंब काढणे ही दुसरी. युक्लिडने पण ही दोन वेगवेगळी प्रमेयं दिलीत, पहिल्या पुस्तकातलं ११ वं रेषेवरच्या बिंदूसाठी आणि १२ वं रेषेबाहेरच्या बिंदूसाठी. कॅडमधे पण तसंच. पी ई आर हे बाराव्यासाठी. बिंदू बाहेर आहे, लंबपाद (लंब रेषेला जिथे टेकतो तो बिंदू) शोधायचाय.

पण बिंदू रेषेवरच असेल आणि तिथून काटकोनात बाहेर निघायचं असेल आणि समोर पकडायला काहीच नसेल, तर नुसतं पी ई आर उपयोगाचं नाही. तेव्हा मी हे करते:

एक्स एल एंटर (कन्स्ट्रक्शन लाइन), मग ए अँगलसाठी, मग आर रेफरन्ससाठी, मग हद्दीची रेषा सिलेक्ट, ९० एंटर, आणि शेवटी तो बिंदू क्लिक. त्या रेषेला ९० मधे अमर्याद लांबीची रेषा मिळते, हव्या तेवढ्या बिंदूंतून एकामागून एक टाकता येते, नंतर ट्रिम करायची. हद्द किती अंश तिरकी आहे हे माहीत असायची गरजच नाही. तू "साधारण ७ अंश" लिहिलंयस, हा साधारण शब्द ड्रॉइंगमधे कुठेही आकडा म्हणून टाइप करू नकोस, कोन रेषेकडूनच घ्यायचा.

दुसरं, हद्दीची रेषाच फिरवून कॉपी करायची. आर ओ, रेषा सिलेक्ट, बेस पॉइंट तो बिंदू, सी एंटर म्हणजे मूळ रेषा जागेवर राहते, ९० एंटर. छोट्या कामाला हे सगळ्यात झटपट.

आणि तुझ्या केसमधे मी खरं तर यापैकी काहीच केलं नसतं. अख्खं घरच हद्दीला समांतर आहे ना, मग यू सी एस (ड्रॉइंगचे एक्स-वाय अक्ष आपल्याला हवे तसे बसवायची कमांड) एंटर, ओ बी एंटर, हद्दीची रेषा क्लिक. आता एक्स अक्ष हद्दीवर बसला. एफ ८ आता हद्दीला समांतर आणि काटकोनातच चालेल, रेक्टँगल कमांड पण त्याच दिशेत आयत काढेल, प्रत्येक भिंतीसाठी लंब शोधत बसायला नको. स्क्रीनवर तिरकं बघून मान दुखत असेल तर प्लॅन कमांड दे, दृश्य सरळ होतं, ड्रॉइंग जागचं हलत नाही. काम झालं की यू सी एस, डब्ल्यू (वर्ल्ड, म्हणजे मूळ अक्ष परत).

हे मी एवढं लिहितेय कारण बरेच जण काय करतात, सर्व्हेचं ड्रॉइंगच फिरवून सरळ करतात आणि मग ऑर्थो वापरतात. कृपा करून हे करू नकोस. सर्व्हेअर यूटीएम कोऑर्डिनेटमधे (पृथ्वीचे झोन पाडून मीटरमधे जागा सांगायची पद्धत) फाइल देतो, आपल्याकडे बहुतेक झोन ४३, नागपूर-चंद्रपूरकडे ४४. ती एकदा फिरवली की त्या आकड्यांचा जमिनीशी संबंध तुटतो आणि तुमचा टोटल स्टेशनवाला खुंट्या कशावरून मारणार?

चाकण_टूलरूम | मंगळवार, दुपारी १:२०

आमचं काम मेकॅनिकल, जिग-फिक्स्चर, म्हणून थोडा वेगळा विचार मांडतो. स्नॅप फक्त काढतानाच्या क्षणी काटकोन देतो. नंतर कुणी एक टोक ग्रिपने (रेषा सिलेक्ट केल्यावर टोकाला दिसणारा चौकोन) ओढलं की काटकोन गेला आणि ड्रॉइंग तोंडातून शब्द काढत नाही. आमच्याकडे डिझाइन दहा वेळा बदलतं त्यामुळे आम्ही कन्स्ट्रेंट लावतो, म्हणजे या दोन रेषा काटकोनातच राहतील ही अटच ड्रॉइंगमधे लिहून ठेवायची. ऑटोकॅडमधे २०१० पासून पॅरामेट्रिक टॅबमधे आहे. पर्पेंडिक्युलर कन्स्ट्रेंट घेताना क्रम लक्षात ठेवा: पहिली सिलेक्ट केलेली रेषा जागेवर राहते, दुसरी तिच्याप्रमाणे फिरते. हद्द आधी क्लिक करायची, भिंत नंतर. उलटं केलंत तर हद्द फिरेल!

सॉलिडवर्क्स, फ्रीकॅड यांच्यात तर कामाची पद्धतच ही. फ्रीकॅडच्या स्केचरमधे दोन रेषा सिलेक्ट करून एन दाबलं की झालं. नवीन मुलं तिथे एक चूक फार करतात, एक रेषा हॉरिझॉन्टल, दुसरी व्हर्टिकल अट देऊन झाली आणि वर परत काटकोनाची अट टाकतात. ती आधीच काटकोनात आहेत, मग रिडंडंट कन्स्ट्रेंट म्हणून तक्रार येते. एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही.

ही कल्पना नवी नाही बरं का. इव्हान सदरलँडने १९६३ मधे एमआयटीत स्केचपॅड केलं, टीएक्स-२ नावाच्या संगणकावर, लाइट पेनने, त्यातच रेषांवर अशा भौमितिक अटी घालायची सोय होती. ऑटोकॅड आलं १९८२ च्या डिसेंबरमधे. म्हणजे अटी आधी, आपल्या टेबलावरचं ऑटोकॅड जवळजवळ वीस वर्षांनी. मला हे फार भारी वाटतं.

ओळंबा | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

सर्वांचे मनापासून आभार. ताई, दोन प्रश्न मिसळलेत हे वाचल्यावर डोक्यात लख्ख झालं. निअरेस्ट खरंच चालू होता, काढून टाकला. यूसीएसने परत आयत काढला, कोन ९०.०००० आणि कर्ण १५.००० दोन्ही.

एक उपप्रश्न. भिंतीपासून सुरुवात करून समोरच्या बिंदूपर्यंत लंब काढायचा असेल तर? म्हणजे पहिला क्लिकच भिंतीवर आहे, पण लंबपाद कुठे ते अजून माहीत नाही.

गुण्या | मंगळवार, रात्री ८:१५

एल एंटर, लगेच पी ई आर एंटर, भिंतीवर कुठेही क्लिक. डिफर्ड पर्पेंडिक्युलर असं लिहून येईल. म्हणजे तो म्हणतो लंब काढायचाय एवढं कळलं, कुठून ते नंतर बघतो. मग समोरचा बिंदू दे, रेषेचं सुरुवातीचं टोक आपोआप योग्य जागी सरकतं. सुरुवातीचं टोक नंतर ठरणं नवीन माणसाला विचित्र वाटतं, दोनचार वेळा केलं की सवय होते.

साखळी_१६_आणे | मंगळवार, रात्री ९:३०

मी भूमापनातून निवृत्त. कॅड मला येत नाही, नातवाने हा धागा दाखवला आणि राहवलं नाही म्हणून त्याच्याकडूनच टाइप करून घेतोय.

तुम्ही लंबपाद शोधता म्हणता, तो आम्ही शेतात पायाने चालून शोधायचो. साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची, एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. दोन खुणांमधे साखळी सरळ रेषेत ताणायची, आणि बांधाच्या वळणावर झेंडी लावायची. मग क्रॉस स्टाफ म्हणजे आमचा शंकू घेऊन साखळीच्या रेषेवर पुढे-मागे सरकायचं. त्याच्या डोक्याला काटकोनात दोन आरपार फटी असतात. एका फटीतून साखळीच्या टोकाची झेंडी दिसली पाहिजे आणि त्याच वेळी दुसऱ्या फटीतून बांधावरची झेंडी. दोन्ही एकदम दिसल्या की तिथे लंबपाद. तिथली साखळीवरची लांबी लिहायची आणि तिथून बांधापर्यंतचा लंब मोजून लिहायचा. या दोन आकड्यांवरून कचेरीत बसून नकाशा उतरायचा. लंब जितका लांब तितकी काटकोनातली चूक मोठी होऊन जमिनीवर पडते, म्हणून लंब होईल तितका आखूड ठेवायचा, लांब पडत असेल तर साखळीची रेषाच बांधाजवळून नवीन घ्यायची. आमच्या वरिष्ठांनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

या मुलाने झालेली चूक लपवली नाही, इथे उघड लिहिली, बरं वाटलं. काम असंच शिकलं जातं, बाळा.

ओळंबा | मंगळवार, रात्री ९:५०

आजोबा, नमस्कार. हे कॉलेजात एका पानात उरकलं होतं, दोन्ही झेंड्या एकदम दिसायला पाहिजेत हे आज कळलं.

चेनेज_० | बुधवार, दुपारी १२:१०

रस्त्याच्या कामातली एक गोष्ट सांगतो, वक्र रेषेला लंब. सेंटर लाइन पॉलीलाइनमधे (तुकडे जोडून केलेली एकच रेषा) आहे, सरळ भाग पण आहेत, वळणं पण आहेत, आणि दर ३० मीटरला काटकोनात क्रॉस सेक्शनच्या रेषा पाहिजेत. एकेक काढायला गेलात तर दिवस जाईल. एक उभी रेषा काढा, वाय दिशेत, समजा डावीकडे १५ उजवीकडे १५ अशी ३० मीटर, तिचा ब्लॉक करा, इन्सर्शन पॉइंट रेषेचा मध्य. मग मेझर कमांड, सेंटर लाइन सिलेक्ट, बी, ब्लॉकचं नाव, ऑब्जेक्टप्रमाणे अलाइन करू का विचारतो त्याला वाय, अंतर ३०. सगळ्या वळणांवर सुद्धा रेषा काटकोनातच बसतात. सुरुवात कुठून धरतो ते बघा, पॉलीलाइनच्या ज्या टोकाजवळ क्लिक कराल तिथून मोजतो, म्हणून शून्य चेनेजच्या (रस्त्याची लांबी जिथून मोजतात त्या) बाजूलाच क्लिक करा.

वर्तुळाला लंब म्हणजे केंद्रातून जाणारी दिशा, एवढं लक्षात ठेवलं की वळणावरच्या लंबाची कधीही खातरजमा करता येते. रेषा लांबवायची, केंद्रातून जाते का बघायचं.

आयटीआय_निदेशक | बुधवार, दुपारी ३:४०

ज्यांच्याकडे ऑटोकॅडचं लायसन्स नाही अशा विद्यार्थ्यांसाठी: लिब्रेकॅड मोफत आहे, साध्या जुन्या मशीनवर पण चालतं, आणि त्यात लाइनच्या मेनूमधे ऑर्थोगोनल नावाचं वेगळं टूलच आहे. रेषा दाखवा, लांबी टाका, बिंदू द्या. शेजारीच रिलेटिव्ह अँगल आहे, तिथे ९० ऐवजी कुठलाही कोन चालतो. आमच्याकडे मी पहिल्यांदा कागदावर कंपासने दोन्ही रचना करून घेतो आणि मगच मशीनवर बसवतो, कारण कंपासने काढलेल्या मुलाला लंबपाद हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

ओळंबा | बुधवार, रात्री ९:२५

मंडळी परत एक अडचण, आणि ही मला अजिबात कळत नाहीये. आयत बरोबर आहे. आता चारही कोपऱ्यांतून हद्दींवर लंब टाकून सामासिक अंतरं तपासतोय. पश्चिमेला ४.५० येणार हे मला हिशोबाने माहीत आहे, पण पी ई आर ने काढलेल्या रेषेची लांबी ४.६२ येतेय. वरून बघितलं तर रेषा बरोबर हद्दीवर पोचलीय, कोनही ९० दिसतोय. १२ सेंटिमीटर कुठून आले? जास्त येतंय म्हणून सोडून द्यावं का?

मोकळी_जागा | बुधवार, रात्री ९:४०

सोडून देऊ नकोस! डिस्टन्स कमांड देऊन दोन्ही टोकं क्लिक कर आणि खालची डेल्टा झेड ची (दोन टोकांच्या उंचीतला फरक) ओळ वाच.

ओळंबा | बुधवार, रात्री ९:५२

डेल्टा झेड १.०५. पश्चिमेची हद्द बांधावरून जाते, तिथे आरएल (जमिनीची पातळी) १०१.०५ आहे, आणि घराचा कोपरा मी सर्व्हेच्या १००.०० च्या पॉइंटला पकडून सुरू केला होता.

मोकळी_जागा | बुधवार, रात्री १०:२०

झालं तर मग. टोटल स्टेशनच्या फाइलीत प्रत्येक बिंदूला उंची असते आणि स्नॅप ती उंचीसकट पकडतो. तुझी रेषा जमिनीपासून बांधावर चढतेय. ४.५० चा वर्ग आणि १.०५ चा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ ४.६२. सामासिक अंतर आडव्या प्रतलात मोजायचं असतं, म्हणून तुझं खरं अंतर ४.५०.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे ती नीट वाच. तुझ्या हद्दीची दोन्ही टोकं जवळपास एकाच उंचीवर आहेत म्हणून वरून बघताना कोन ९० दिसला. पण हद्द स्वतःच उताराची असती, एक टोक १०१ आणि दुसरं १०४, तर त्रिमितीतला काटकोन प्लॅनमधे ९० राहिलाच नसता, लंबपादच सरकला असता. डोंगरउतारावरच्या प्लॉटला हे हमखास होतं आणि तिथे चूक लांबीतही येते आणि कोनातही.

उपाय: ओस्नॅपझेड नावाचं सिस्टिम व्हेरिएबल आहे, त्याची किंमत १ कर, मग स्नॅप एक्स-वाय घेतो आणि उंची चालू एलिव्हेशनची ठेवतो. किंवा एक्सप्रेस टूल्समधला फ्लॅटन वापर, पण मूळ सर्व्हे फाइलवर नाही, प्रतीवर. कंटूर, लेव्हल्स सगळं त्या मूळ फाइलीत आहे, ती एकदा सपाट केली की गेली. आणि प्रत्येक बाजूला दोन्ही कोपऱ्यांतून लंब टाक, तिरक्या हद्दीला जो कोपरा जवळ तोच ठरवतो.

ओळंबा | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

आज परत लाइन आउट (जमिनीवरची आखणी) झालं. प्रतीवर फ्लॅटन केलं, सामासिक अंतरं चारही बाजूंनी तपासून घेतली, कोऑर्डिनेट नव्याने दिले. खुंट्या मारल्यावर मिस्त्रींनी परत कर्ण मोजले, १५.००१ आणि १४.९९९. काही बोलले नाहीत, सरळ फक्कीची घमेली मागवली. उद्या खोदाई सुरू.

गुण्या | शुक्रवार, रात्री ८:०५

छान. फाइल आता स्ट्रक्चरलवाल्याकडे जाईल ना? पाठवायच्या आधी यूसीएस परत वर्ल्डवर केलंस का ते बघ, नाहीतर त्याच्याकडे कॉपी-पेस्ट करताना सगळं भलतीकडे जाऊन पडेल.

ओळंबा | शुक्रवार, रात्री ८:२०

राहिलंच होतं सर. आत्ता केलं.